नक्षी आहे, पण गोलाई गेली: टायरचा आकार, गाडीचा झुकाव आणि कडेची झीज

या भागात आकडे बरेच आहेत आणि गाडी चालवता चालवता ऐकणाऱ्यांच्या ते कानावरून निसटतात. (गाडी चालवताना हेडफोन लावू नका, हे मी प्रत्येक भागात सांगतो, आजही सांगतो.) म्हणून हा भाग लिहूनही टाकतोय. निवांत वाचा, आणि वाचून झालं की घरातली पट्टी घेऊन गाडीजवळ जा. पट्टी कशाला, ते पुढं कळेल.

गोष्ट सुरू कुठं झाली

माझं गाव कुंभार पिंपळगाव. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जांब आमच्या शेजारीच. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तो गावीच असतो. सकाळी दूध घालायचं, दुपारी शेत, संध्याकाळी काही ना काही कामानं घनसावंगी किंवा तीर्थपुरी. सगळं शंभर सीसीच्या एकाच गाडीवर.

मागच्या पावसाळ्यात तो आणि त्याचे मित्र गौताळ्याला निघाले. संभाजीनगर, कन्नड करत पोरं कन्नडच्या घाटात उतरली. यालाच औट्रम घाटही म्हणतात. तिथं एका डाव्या वळणावर आमचे बंधू आडवे झाले. मागं बसलेल्या मित्राला खरचटण्यावर निभावलं, पण याच्या घोट्याला प्लास्टर बसलं. सहा आठवडे दूध काकांनी घातलं, आणि त्या सहा आठवड्यांत घरातल्या प्रत्येक माणसानं एकच निकाल दिला: "रेस करत असणार!"

मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "दादा, शपथ, तीसच्या वर नव्हतो. गाडी आधी वळंना, अन् मग एकदम आत पडली."

आता मी दिवसभर लोकांचे बग वाचणारा माणूस. "आधी वळंना, मग एकदम पडली" हे वाक्य मला बहाणा वाटलं नाही. तो नीट लिहिलेला बग रिपोर्ट वाटला. पुढच्या सुट्टीत गावी गेलो आणि अंगणात गाडी मेन स्टँडवर लावून मागचा टायर बघितला. नक्षी होती की! टायर टकला झालेला नव्हता. पण पुतणीच्या कंपासपेटीतली पट्टी टायरवर आडवी ठेवली, तर ती डुगडुगली नाही. टेबलावर ठेवावी तशी गप बसली.

आजचा सगळा भाग त्या पट्टीवर आहे.

मोटारसायकलचा टायर गोल का असतो

कारचा टायर समोरून बघा, चौकोनी डब्यासारखा दिसतो. कार वळताना झुकत नाही, तिला चार चाकं आहेत, त्यामुळं टायर सपाट असला तरी चालतं. मोटारसायकल मात्र झुकल्याशिवाय वळत नाही. म्हणून तिचा टायर आडव्या छेदात गोलसर असतो. गाडी सरळ असताना टायरचा मधला भाग रस्त्याला टेकतो, आणि जसजशी झुकते तसतशी टेकायची जागा मधून कडेकडं सरकत जाते.

टायरवरचा नंबर वाचायला शिका, कामाला येईल. ८०/१००-१८ असं लिहिलं असेल तर टायर ८० मिलीमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या १०० टक्के म्हणजे तीही ८० मिलीमीटर, आणि रिम १८ इंची. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १००, उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंची. पण माथ्याची गोलाई किती, तो टोकदार आहे की पसरट, हे या नंबरात नसतं. ते डोळ्यानंच बघावं लागतं.

माथा टोकदार असेल तर गाडी पटकन झुकते, पसरट असेल तर जरा सावकाश. शर्यतीवाल्यांनी यावर खूप डोकं लावलंय. डनलॉपनं १९६० च्या दशकात शर्यतीसाठी चक्क त्रिकोणी आकाराचे टायर काढले होते. सरळ जाताना ते टोकावर चालायचे आणि झुकल्यावर त्यांची लांबट बाजू रस्त्याला टेकायची, म्हणजे वळणात जास्त रबर रस्त्यावर.

गाडी किती झुकते

हे सूत्र बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय. झुकाव ठरतो दोनच गोष्टींवर: तुमचा वेग आणि वळणाची त्रिज्या. झुकावाच्या कोनाचा टॅन्जंट काढायचा असेल तर वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला त्रिज्या गुणिले ९.८१ नं भागा. गाडीचं वजन, तुमचं वजन, गाडीची किंमत, काही काही मध्ये येत नाही.

घाटातलं एक घट्ट वळण घेऊ, त्रिज्या २० मीटर. ताशी ३० किलोमीटरनं गेलात तर झुकाव साधारण १९ ते २० अंश. त्याच वळणावर ४० नं गेलात तर ३२ अंश. वेग वाढला फक्त दहानं, झुकाव वाढला बारा अंशांनी. कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. "थोडंच जोरात होतो" या वाक्यातला "थोडंच" इथं फसवतो.

तुलनेसाठी सांगतो, मोटोजीपीचे रायडर ६० अंशांच्याही पुढं झुकतात. त्यांचे टायर, त्यांचा ट्रॅक आणि त्यांचा पगार, तिन्ही वेगळे. ते आपल्या घाटात करून बघायचं नाही.

नारळ आणि वीट

आता मुद्द्यावर येऊ. जमिनीवर एक नारळ ठेवा आणि एक वीट उभी करा. नारळाला बोटानं ढकला, तो लगेच लोळतो. जेवढा जोर, तेवढा लोळतो. विटेला ढकला, ती आधी हलतच नाही. जोर वाढवा, ती कडेवर उचलते, आणि एका क्षणी धपकन पडते.

नवा टायर नारळासारखा असतो. मधेच झिजून सपाट झालेला टायर विटेकडं झुकायला लागतो.

भावाच्या टायरवर मी मोजलं. पट्टीला टेकणारा सपाट पट्टा होता ३० मिलीमीटर. टायर ८० रुंद, म्हणजे नवा असताना गोलाईची त्रिज्या साधारण ४० मिलीमीटर धरू. खऱ्या टायरचा छेद अगदी अर्धवर्तुळ नसतो, हवेमुळं दबतोही, पण समजायला हे पुरेसं आहे.

नवा गोल टायर पाच अंश झुकला तर टेकायची जागा मधून साडेतीन मिलीमीटर सरकते. हळूहळू, लोण्यासारखी. सपाट झालेल्या टायरला झुकवायला जा, टेकायची जागा लगेच त्या पट्ट्याच्या कडेवर उडी मारते, म्हणजे एकदम १५ मिलीमीटर. ही उडी गाडीला परत उभं करायला बघते. तुम्हाला हँडलवर काय जाणवतं? "गाडी वळंना." मग तुम्ही आणखी जोर लावता. ती कडेवर चढते, पुढं विरोध तेवढा वाढत नाही, आणि तुम्ही लावलेला जोर एकदम जास्त ठरतो. "एकदम आत पडली."

आणखी एक हिशोब केला आणि मी जरा गप झालो. ३० मिलीमीटरच्या पट्ट्याची कड या टायरवर २२ अंशांवर येते. म्हणजे शून्यापासून २२ अंशांपर्यंत गाडी त्या कडेवरच तोललेली असते. आणि २० मीटरच्या वळणावर ताशी ३० नं किती झुकाव लागतो? १९ ते २० अंश. म्हणजे तो अख्खं वळण टायरच्या त्या कडेवर काढत होता. रस्ता ओला. पुढचा टायर बऱ्यापैकी गोल, त्याला आत जायचंय, मागच्याला उभं राहायचंय.

टायरनंच पाडलं असं मी छाती ठोकून म्हणणार नाही. पाऊस होता, मागं मित्र बसलेला होता, घाटाची सवय नव्हती. पण "रेस करत असणार" हा निकाल मात्र चुकीचा होता.

नियम खोली मोजतो, आकार नाही

आता तुम्ही म्हणाल, इतका झिजला होता तर बदलला का नाही? कारण बदलण्याइतका झिजलाच नव्हता!

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ सांगतो की दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलीमीटर खोल हवी. बाकी गाड्यांना १.६. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला.

पण गणित बघा. ४० त्रिज्येच्या गोलावर ३० मिलीमीटरचा सपाट पट्टा पडायला मधलं किती रबर जावं लागतं? फक्त ३ मिलीमीटर. नवी नक्षी पाच-सहा मिलीमीटर खोल धरली तर अजून दोन-तीन मिलीमीटर शिल्लक! नियमानं पास. पंक्चरवाल्याच्या नजरेत पास. काकांच्या भाषेत, "अजून सहा महिने कुठं जात नाही."

आमच्या धंद्यात याला हॅपी पाथ म्हणतात. सरळ रस्त्यावर सगळं चालतं, सगळ्या टेस्ट हिरव्या. वळण आलं की एज केस, आणि इथं तर ती शब्दशः एजवरचीच केस.

आपल्याकडं मधलंच जास्त का झिजतं

कारण आपला मुलुख सपाट आहे. गोदाकाठचा हा पट्टा, घनसावंगी असो, अंबड असो की परतूर, रस्ते लांबच लांब सरळ. गाडी दिवसाचे पन्नास किलोमीटर चालली तरी खरं झुकून वळण किती वेळा? फाट्यावर एकदा, डेअरीपाशी एकदा. चाकावर आकार घडवणारा कुंभार आमच्या गावाच्या नावातच आहे. इथं चाकाला आकार रस्ता देतो, आणि सरळ रस्ता सपाटच आकार देणार.

त्यात भर घालणाऱ्या आपल्या तीन सवयी.

पहिली, हवा. पंक्चरच्या दुकानात "किती भरू?" विचारलं की आमच्याकडं ठरलेलं उत्तर, "भर चाळीस." पुढं चाळीस, मागं चाळीस, एकटा असो की तिब्बल सीट. हवा गरजेपेक्षा जास्त झाली की टायरचा मधला भाग फुगतो, रस्त्याला तेवढाच टेकतो आणि तोच झिजतो. कमी हवेत उलटं होतं, खांद्यांवर भार येतो, बाजू सतत दुमडून टायर गरम होतो आणि खांदे झिजतात. योग्य आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि मागं कोणी बसलं तर वेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची.

दुसरी, फक्त मागचा ब्रेक. "पुढचा दाबला तर पडतो" असं कुणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं. मग मागचं चाक घासत गाडी थांबवायची. घासतं तेच मधलं रबर.

तिसरी, वजन. मागच्या चाकावर आधीच इंजिनाची ओढ असते, त्यावर दूध, खताची गोणी, मागचा माणूस. म्हणून मागचा टायर पुढच्याच्या आधी सपाट होतो, आणि पुढचा-मागचा असा बेबनाव सुरू होतो.

कडा काय सांगतात

रीलवर तुम्ही चिकन स्ट्रिप हा शब्द ऐकला असेल. टायरच्या दोन्ही कडांना न झिजलेल्या रबराची जी पट्टी उरते, ती. ती रुंद असली की पोरं चिडवतात, "घाबरतो रे." काही महाभाग तर सँडपेपरनं कडा घासतात, म्हणे आपण लई झुकवतो असं दिसावं!

ही पट्टी तुमची हिंमत दाखवत नाही. एकाच वळणावर, एकाच वेगात, पसरट माथ्याचा टायर आणि टोकदार माथ्याचा टायर वेगवेगळी पट्टी सोडतील. रस्त्यावर उरलेली कड ही शिल्लक असते. समोरून अचानक उसाची ट्रॉली आली, वळणात आणखी आत यावं लागलं, तेव्हा ती वापरायची. बँकेतली शिल्लक कुणी लाजून संपवत नाही.

डाव्या-उजव्या बाजूची झीज मात्र खरंच वाचण्यासारखी असते. आपण डावीकडून चालतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. गाडी सरळ उभी असली तरी खालचा रस्ता डावीकडं उतरता, म्हणून टायरचा मधापासून किंचित उजवीकडचा भाग टेकतो. फरक एखाद्या मिलीमीटरचाच, पण रोजचा. शिवाय आपल्याकडं उजवं वळण मोठ्या फेऱ्याचं आणि डावं छोटं, म्हणजे उजवीकडं झुकून कापलेलं अंतरही जास्त. (रस्त्याच्या मधोमध चालवणाऱ्यांना यातलं पहिलं कारण लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळा भाग करावा लागेल.)

भावाच्या टायरवर पट्टा मधापासून उजवीकडं सरकलेला होता, आणि त्याचं कारण दुधाचा कॅन. कॅन एकच, नेहमी डावीकडं लटकवलेला. भार डावीकडं आला की तोल राखायला गाडी जराशी उजवीकडं झुकवूनच चालवावी लागते. रोज सकाळी, भरल्या कॅननं, उजवा भाग घासत.

ही गोष्ट मोठमोठ्या शर्यतींतही तशीच आहे. जर्मनीच्या झाक्सेनरिंग ट्रॅकवर १३ वळणं आहेत, त्यातली १० डावी आणि फक्त ३ उजवी. तिथं टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळं रबर वापरतात, कारण डावी बाजू भाजून निघते आणि उजवी थंडच राहते. त्यांची दहा डावी वळणं, आमचा एक दुधाचा कॅन!

"मग जाडा टायर टाकतो"

हे ऐकून भाऊ म्हणाला, "मग दादा, जाडाच टायर टाकतो ना, पकड वाढंल." तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात हेच आलं असणार.

टायर जेवढा रुंद, तेवढी झुकल्यावर टेकायची जागा आतल्या बाजूला जास्त सरकते. ती भरपाई करायला गाडी आणखी झुकवावी लागते. ताशी ४० चं ते ३२ अंशांचं वळण घ्या, गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटरवर धरा. टायर ८० रुंद असेल तर प्रत्यक्षात सुमारे ३४ अंश झुकावं लागतं, १४० असेल तर ३६. म्हणजे जाड्या टायरनं त्याच वळणाला, त्याच वेगात, गाडी जास्त आडवी होते आणि फूटरेस्ट आधी घासतं.

दुसरं, शंभर सीसीच्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत दाबल्या जातात आणि माथा कंपनीनं ठरवलेल्या आकारापेक्षा टोकदार होतो. वर मागच्या चिमट्याला किंवा चेनकव्हरला घासण्याची भीती. मोठ्या गाड्यांना रुंद टायर असतात कारण त्यांचं इंजिन आणि वजन तेवढं असतं. आपल्या गाडीला पुस्तकात लिहिलेलाच साईज घ्या.

आता पट्टी घ्या

एक. गाडी मेन स्टँडवर लावा, बंद इंजिनात, न्यूट्रलवर. प्लास्टिकची पट्टी मागच्या टायरवर आडवी धरा. डुगडुगली तर गोलाई शाबूत. गप बसली तर सपाट पट्टा किती रुंद ते मोजा. माझा स्वतःचा नियम असा: पट्टा टायरच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या वर गेला की नक्षी असली तरी टायर बदलायचा, आणि तोवर घाटात जायचं नाही.

दोन. टायरवर खडूनं आडवी रेघ मारा आणि गावातून एक चक्कर मारून या. जिथं खडू उरलाय, तो भाग तुम्ही वापरतच नाही. मजाही येते आणि आपला टायर कुठं टेकतो तेही कळतं.

तीन. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना ती बघूनच घ्या.

चार. नवा टायर बसवला की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून. वरचा थर गुळगुळीत असतो, आणि तुमच्या हातालाही गोल टायरची सवय परत लावावी लागते.

त्या दिवशी अंगणात मी हे सगळं काकांना दाखवलं. भाऊ बाजेवर, पाय उशीवर. काका बराच वेळ टायरकडं बघत राहिले. मग "रेस"चा विषय न काढता म्हणाले, "आण ती पट्टी इकडं," आणि स्वतःच्या गाडीकडं गेले.

प्लास्टर निघाल्यावर भावानं नवा टायर बसवला, पुस्तकातल्याच साईजचा. कॅन आता दोन आहेत, दोन्हीकडं एकेक. पहिल्या दिवशी फाट्यावरून वळून आला आणि फोनवर म्हणाला, "दादा, गाडी हलकी झाल्यासारखी वाटू लागली." गाडी तेवढीच होती. वीट परत नारळ झाली होती.

तुमच्या टायरवर पट्टी बसली की डुगडुगली, ते फोटो काढून मला पाठवा. आणि घरात कुणी घसरून पडलं असेल तर आधी टायर बघा, मग रागवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश जा, नीट पोचा!